आमच्या घरची हनुवटी

मला हनुवटी नाही. म्हणजे नावाला आहे, पण खालच्या ओठाखाली सुरू होते न होते तोवर गळाच येतो. समोरून बघितलं तर चटकन कळत नाही. बाजूनं बघितलं की माणूस जरा थांबतो आणि मग दुसरीकडं बघत बोलायला लागतो. हे थांबणं मी लहानपणापासून ओळखते. शाळेत पोरं मला चिमणी म्हणायची. आता मी त्याच शाळेत शिकवते आणि माझ्या पाठीमागं आजही चिमणीच म्हणतात. आमच्या चिटगुप्प्यात पोरांना एवढ्या वर्षांत नवीन काही सुचलं नाही.

ही हनुवटी माझ्या एकटीची नाही. आईची तशीच आहे, मामाची तशीच, मामाच्या मुलाची तशीच आणि माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काचीही तशीच. अक्काला मामाच्या मुलालाच दिलं. आमच्याकडं मुलीचं आधी मामाच्या घरी विचारतात, तिथं जमलं नाही तरच बाहेर बघतात. घरातली पोरगी घरातच राहते, उणंदुणं झालं तरी ते घरातच मिटतं, असं सगळे म्हणतात. मामाच्या गावी, खटकचिंचोळीला लग्न झालं. दोन्हीकडच्या हनुवट्या सारख्याच, त्यामुळं विषयच निघाला नाही. त्या लग्नाचा अल्बम काढला की मला हसू यायचं. आता येत नाही.

मामाला एकच मुलगा. म्हणून माझ्यासाठी बाहेर बघावं लागलं, आणि बाहेरच्यांना डोळे असतात.

मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासाठी आईनं बैठकीची मांडणीच ठरवून टाकली होती. पाहुण्यांच्या खुर्च्या भिंतीला लावून ओळीनं, माझी खुर्ची बरोबर त्यांच्या समोर, एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन, म्हणजे माझ्या बाजूला कुणाला बसताच येऊ नये. चहाचा ट्रे घेऊन सरळ यायचं, मान वळवायची नाही, जाताना पाठ करून जायचं. एकदा पाहुण्यांतली एक म्हातारी पाणी प्यायला म्हणून उठली आणि मशीनच्या स्टुलावरच टेकली. तिथून तिनं मला निवांत बघून घेतलं. पुढं निरोप आला, "पोरगी चांगली हाय, पण फोटोत येगळी दिसती." आई आठवडाभर त्या म्हातारीला शिव्या देत होती. मी म्हटलं, "तिचं काय चुकलं? बघायलाच आली होती की ती." तर आई माझ्यावरच उलटली.

आई स्वतः कायम तोंडावर पदर धरून बोलते. लोकांना वाटतं लाजरी आहे. ती लाजरी कधीच नव्हती.

आता अक्काच्या पहिल्या लेकराचं सांगायला पाहिजे. ते टाळून पुढचं काही कळणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अक्का आमच्याकडं आली होती. बिदरला दवाखान्यात मुलगा झाला. मी त्याला पहिल्यांदा बघितलं, तर आमच्या घरची हनुवटी त्याच्यात पार आत गेली होती. खालचा जबडा एवढासा, त्यामुळं जीभ मागं पडायची आणि घसा बंद व्हायचा. पाठीवर ठेवला की निळा पडायचा. डॉक्टरांनी आम्हा तिघींना समोर उभं करून बजावून सांगितलं. बाकीच्या लेकरांना उताणंच निजवतात, याला मात्र पालथं निजवायचं, पाठीवर नाही म्हणजे नाही. जबडा हळूहळू वाढेल, जीभ पुढं येईल, तोवर डोळ्यांत तेल घालून राखायचं. मोठ्या गावी नेऊन दाखवा, असंही ते म्हणाले. बारसं झालं की नेऊ, असं आमचं ठरलं होतं.

पालथा निजला की तो घुरघुरायचा. चुलीवर भात रटरटतो तसा बारीक, सारखा आवाज. अक्का त्या आवाजावर झोपायची. आवाज चालू असला की ती गाढ, जरा अडखळला की ती टक्क जागी. दूध वाटी-चमच्यानं, थेंब थेंब पाजायची. तिची पाठ मोडून जायची, पण मी तिला कधी कुरकुरताना ऐकलं नाही. उलट मला म्हणायची, "बघ की, तुझ्यासारखाच हाय, चिमणी." आणि आम्ही दोघी हसायचो.

बारशाला खोलीभर बायका आल्या. आमच्याकडं आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला कुंची घालून, काजळाचं बोट लावून लेकरासारखा सजवतात, पाळण्याखालून-वरून फिरवतात आणि मग पायथ्याशी ठेवून देतात, लेकरू दगडासारखं घट्टमुट्ट व्हावं म्हणून. मग लेकरू घालायचं, ते उताणं, तोंड वर करून, सगळ्यांना दिसलं पाहिजे असं. पालथं निजलेलं आमच्यात बरं मानत नाहीत. का, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

अक्का त्याला पालथा ठेवायला गेली तर आई म्हणाली, "आजच्या दिवशी तरी सरळ निजव गं. नाव ठेवायलोत, अन् लेकराचं तोंडच न्हाई दिसलं तर बायका काय म्हणतील?"

"आई, डॉक्टरनी सांगितलंय की."

"डॉक्टरला काय ठाव आपलं बारसं? पाळणा म्हणून होईस्तोवर. मी हाय ना इथं?"

आणि आईनं त्याला तिच्या हातून घेतला, दुपट्यात घट्ट गुंडाळला आणि उताणा ठेवला. एवढं करून हनुवटी दिसू नये म्हणून दुपट्याची कड वर ओढून ओठाला लावली. ही कड ओढलेली मी बघितली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आमच्या घरात सगळे हेच करतात.

मग पाळणा म्हणायला सुरुवात झाली. एकेका दिवसाचं एकेक कडवं, शेवटपर्यंत. बायका हौशी होत्या, मीही त्यांच्यात गात होते. अक्का पाटावर बसली होती. बाळंतीण म्हणून तिचे कान बांधलेले, आत कापसाचे बोळे, वारा लागू नये म्हणून वर रुमाल, त्यावर पदर. तिला गाणंसुद्धा धड ऐकू येत नसणार, त्याची घुरघुर कुठून येणार? ती आमच्याकडं बघत हसत होती. दोरी आईच्या हातात होती.

गाणं संपल्यावर लेकराची आत्या, म्हणजे मामाची मुलगी, कानात नाव सांगायला वाकली. ती तशीच मागं सरली आणि ओरडली.

मी दुपटं सोडलं, त्याला उलटा केला, पाठ चोळली. कुणीतरी रिक्षा आणायला धावलं. रिक्षा आली तेव्हा तिचा उपयोग उरला नव्हता. त्याला नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच. आम्ही त्याच्याबद्दल बोललोच तर 'ते लेकरू' म्हणतो.

पाळण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. पाळणा माळ्यावर गेला. दृष्ट लागली, असं आधी सगळे म्हणाले. मग मामी, म्हणजे अक्काची सासू, एक दिवस म्हणाली, "पोटुशी असताना ग्रहणात इळीवर बसली होती ही. पातीचा कांदा चिरला. तव्हाच लेकराची हनुवटी कापली गेली." अक्काला आठवलं, की खरंच चिरला होता. झालं. तेव्हापासून ती विळीला हात लावेना. भाजी दुसऱ्या कुणी चिरून दिली तर फोडणीला टाकायची, नाहीतर वरण करायची. माझी शिकली-सवरलेली बहीण! मी तिला चिडून म्हणायची, "अगं, मग माझी कामून अशी? मामाची कामून अशी? सगळ्यांच्या आया कांदाच चिरत बसल्या होत्या का ग्रहणात?" ती भाजीची टोपली माझ्याकडं सरकवायची. आईला हे सगळं ऐकू जायचं. ती एकदाही म्हणाली नाही की कांद्यानं काही होत नसतं.

दोन-एक वर्षांनी उदगीरचं स्थळ आलं. त्यांना फोटो पसंत पडला. फोटो समोरूनच काढलेला, वर स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं थोडी हनुवटीही लावून दिलेली. पाहुणे दिवाळीला येणार होते. आईनं त्याच दिवशी ठरवलं, दसऱ्याच्या सुट्टीत हैदराबादला जाऊन माझी हनुवटी करून आणायची. पाहुण्यांच्या आधी सूज उतरली पाहिजे. ते लेकरू मोठ्या गावी न्यायला आमच्याकडं सवड नव्हती, माझ्या फोटोसाठी होती. हे मी तिला तोंडावर बोलले. ती म्हणाली, "तुझं तरी होऊ दे गं."

मलाही करायचं होतं, खोटं कशाला बोलू? मला माणसांच्या शेजारी बसायचं होतं. एवढंच.

तपासायला आम्ही तिघी गेलो. ऑपरेशन ठरलं तर माझ्याजवळ कोण राहणार, म्हणून अक्का बरोबर. तिला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. ती त्याबद्दल काही बोलत नव्हती, खुश नव्हती आणि रडतही नव्हती. बसमध्ये खिडकीशी बसून पोटावर हात ठेवायची आणि लगेच काढून घ्यायची.

डॉक्टर उतारवयाचे, शांत होते. हैदराबादी हिंदीत बोलायचे, ती आम्हाला घरच्यासारखीच. त्यांनी माझा बाजूनं एक्स-रे काढवला, दात एकमेकांवर कसे बसतात ते बघितलं, ओठ मिटून घ्यायला लावले. मग टेबलावरची प्लॅस्टिकची कवटी जवळ ओढून समजावून सांगायला लागले.

एक इलाज म्हणजे सुईनं भरायचं, वर्षभर टिकतं, मग विरघळून जातं, पुन्हा भरा. तुझी हनुवटी फार मागं आहे, त्यात भागणार नाही, म्हणाले. दुसरा म्हणजे सिलिकॉनचा तुकडा. हनुवटीखाली किंवा ओठाच्या आतून छेद घेऊन हाडावर बसवायचा. काम लवकर होतं, सूजही लवकर उतरते. पण तुकडा सरकू शकतो, कधी पू होतो, मग काढावा लागतो. शिवाय तुला मोठा तुकडा लागेल, तो वरून चिकटवल्यासारखा दिसायची भीती. तिसरा इलाज, आपलंच हाड. दातांच्या मुळांखाली हनुवटीचं हाड आडवं कापायचं, पुढं सरकवायचं आणि छोट्या पट्ट्या, स्क्रू लावून तिथं बसवून टाकायचं. पूर्ण भूल, जास्त सूज, बरेच दिवस पातळ खाणं. खालचा ओठ बधिर होतो, बहुतेकांचा हळूहळू परत येतो, एखाद्याचा थोडा तसाच राहतो. पण बसलं की ते तुझंच, जन्मभर. ते कवटीची हनुवटी पुढं सरकवून दाखवत होते आणि मी माझा ओठ चाचपत होते. मी शिकवून पोट भरते. ओठ बधिर झाल्यावर वर्गात प, फ, ब, भ कसं म्हणायचं?

"दुसरं," आई लगेच म्हणाली. "तो तुकडावालाच करा. दिवाळीला पाहुणे यायलेत."

डॉक्टर हसले. म्हणाले, पाहुण्यांच्या तारखेवरून हाड कापायचं की नाही ते ठरवत नाहीत, अम्मा. मग कागद ओढून त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. साखर आहे का, दमा आहे का, आणि मग, घरात आणखी कुणाची अशी हनुवटी आहे का?

"न्हाई, न्हाई," आई म्हणाली. "हिच्या एकटीचीच."

आणि हे म्हणताना तिनं पदर तोंडावर धरलेला होता! मला हसावं का तिथंच टेबलावर डोकं आपटावं कळेना. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, मग दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या अक्काकडं बघितलं. अक्का बाजूनंच बसली होती. ते पेन तसंच धरून थांबले.

अक्का म्हणाली, "मला एक लेकरू होतं."

बारशानंतर त्याचा विषय मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. आई म्हणाली, "आता ते कामून काढायलीस?" अक्कानं तिच्याकडं बघितलं नाही. तिनं सगळं सांगितलं, जबडा, जीभ, निळं पडणं, घुरघुर. मामाच्याच घरी दिलंय आणि नवऱ्याची हनुवटीही अशीच आहे, हेही सांगितलं. डॉक्टर कागदावर उतरवून घेत राहिले. मग तिनं विचारलं, "मी ग्रहणात कांदा चिरला होता. त्याच्यानं झालं का?"

"नै अम्मा," ते म्हणाले. "वैसा कुछ नै होता."

ते समजावून सांगत होते. अशी हनुवटी काही घरांत पिढीदर पिढी उतरते. दोन्हीकडून एकाच रक्ताची माणसं आली की एखाद्या लेकरात जास्त उतरू शकते, नक्की कुणी सांगू शकत नाही. यात आईचा दोष नसतो. अक्का मान हलवत होती, पण ती पुढचं ऐकत नव्हती, मला दिसत होतं. तिला आणखी एक विचारायचं होतं आणि ते ती तोंडात घोळवत होती.

"पालथंच निजवलं असतं," ती म्हणाली, "तर राहिलं असतं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, सांगता येत नाही. अशी बरीच लेकरं राहतात. पाठीवर ठेवायला नको होतं.

आई उठली. पाणी आणते म्हणाली आणि बाहेर गेली. पाण्याची बाटली माझ्या मांडीवर होती, भरलेली.

अक्का रडली नाही. तिनं पोटावर हात ठेवला आणि या वेळी तो तिथंच राहू दिला. "मला आता चौथा चालू हाय," ती म्हणाली. मग माझा एक्स-रे बाजूला राहिला आणि डॉक्टर तिच्याशीच बोलत बसले. सोनोग्राफी इथं करून घे, बाळंतपण अशा ठिकाणी कर जिथं लेकरांचे डॉक्टर शेजारच्या खोलीत असतील, जन्मल्याबरोबर श्वास सांभाळावा लागला तर तयारी पाहिजे. त्यांनी आमच्यासमोरच कुणाला तरी फोन लावला. निघताना मला म्हणाले, तू ठरव, घाई नको. तुकडा लाव किंवा हाड सरकव, चेहरा बदलेल. लेकरांत जे उतरायचं ते उतरेलच.

परतीच्या वाटेवर जहिराबाद लागलं. तिथं गाडी चहाला थांबली तेव्हा आई म्हणाली, "उदगीरवाल्यांना यातलं काही कळायला नको. त्या तुकड्याची तारीख घेऊन टाक."

माझं डोकंच फिरलं. मी बसस्टँडवर, लोकांसमोर ओरडले. "अजून? अजून झाकायचंच हाय तुला? दुपट्याची कड वर ओढलीस की तव्हा! झाकलंस की! काय झालं त्यानं?"

आईच्या हातातला चहा सांडला. अक्का म्हणाली, "बस कर गं." माझ्या एकटीवर नाही, दोघींवर वैतागून. आईनं सांडलेला चहा पदरानं पुसला आणि चिटगुप्पा येईपर्यंत तो पदर तोंडावर धरायचं ती विसरून गेली. एवढ्या वर्षांत मी तिची हनुवटी इतका वेळ सलग बघितली नव्हती. माझ्यासारखीच. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडं बघवतही नव्हतं.

दसऱ्याला मी काहीच करून घेतलं नाही. दिवाळीत उदगीरचे पाहुणे आले. आईनं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, कपाट, मशीन, सगळं जागच्या जागी. मी आत आले, ट्रे ठेवला आणि माझी खुर्ची उचलून मुलाच्या आईशेजारी नेऊन बसले. बाजूनं. ती थांबली, थांबणारच होती. मी म्हटलं, "आमच्या घरात ही अशीच हाय, आईची, अक्काची, माझी. अक्काचं पहिलं लेकरू याच्यापायी गेलं. तुम्हाला सांगितलेलं बरं." पोहे चांगले झाले होते, त्यांनी संपवले, बाई जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. परत फोन आला नाही. मी वाट बघितली, हेही सांगते. पंधरा दिवस फोन वाजला की मीच आधी धावायची.

मामी बाळंतपणासाठी हैदराबादला पाठवायला तयार नव्हती. गावात बभ्रा होईल, आपल्या रक्ताला नाव लागेल. अक्कानं वाद घातला नाही. एक दिवस सगळ्यांसमोर तिनं विळी ओढली, त्यावर बसली आणि पातीचा कांदा चिरायला घेतला. तिचा नवरा, आमचा भाऊजी, उभ्या आयुष्यात मामीला उलटून बोललेला नाही. तो त्या दिवशी म्हणाला, "तिला जायचंय तिथं जाऊ दे." मी ऑपरेशनसाठी साठवून ठेवलेली रजा काढली आणि तिच्याबरोबर गेले.

मुलगी झाली. हनुवटी घरचीच. त्या लेकराइतकी नाही, पण होती. तिला काही दिवस काचेच्या पेटीत पालथं ठेवलं, नाकातून नळी. अक्का पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या पाठीवर बोट ठेवून बसायची. मी बाहेरच्या बाकावर. तिथंच बसून माझं ठरलं. मी हाडवालं करणार. मला परका तुकडा नको आणि कुणाच्या तारखेच्या आत बसणारं कामही नको. ओठ बधिर राहिला तर राहिला, मुलांना आधीच चिमणीची सवय आहे. अजून झालेलं नाही, पण ते मी माझ्यासाठी करणार आहे, बैठकीतल्या खुर्च्यांसाठी नाही.

मुलीला घेऊन अक्का आमच्याकडंच आली. महिन्यानं बारसं करायचं ठरलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. तिनं स्वतः मला माळ्यावर चढवलं आणि पाळणा काढायला लावला. आईनं तो पुसायला हात लावला नाही, अक्का आणि मीच पुसला.

बायका आल्या, पण पहिल्याइतक्या नाही. अक्का पाटावर बसली. तिचे कान उघडे होते. म्हाताऱ्या कुजबुजल्या, "बाळंतिणीचे कान कामून न्हाई बांधले?" ती म्हणाली, "मला ऐकायचंय." मग म्हणाली, "नाव आधी सांगा. पाळण्यात घालायच्या आधी. मोठ्यानं सांगा." आत्यानं मुलीला मांडीवर घेऊन तिचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

कुणीतरी कुंचीतला वरवंटा पुढं केला. अक्का म्हणाली, "तो नको. अन् गाणंबी म्हणायचं न्हाई."

"अगं, पाळणा म्हणल्याबिगर कसलं बारसं?"

"कुणी गायचं न्हाई. तिचा आवाज ऐकू आला पाहिजे मला."

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, सकाळपासून तिथंच. घुगऱ्यांचं पातेलं हातात, आत येत नव्हती आणि जातही नव्हती. अक्कानं मुलीला उचललं आणि आईकडं बघितलं. "आई, इकडं ये. तू निजव."

"मी न्हाई," आई म्हणाली. "मी हात न्हाई लावायची. माझ्या हातानं न्हाई."

"तुझ्याच हातानं. ये की."

आईनं पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. मला मध्ये जावंसं वाटलं, पण अक्कानं मला डोळ्यांनी थांबवलं. तिनं मुलीला आईच्या हातात दिलं. "पालथं निजव."

आईनं तिला पालथं निजवलं. मान एका कुशीवर वळवली, दुपटं खांद्याखाली सारलं, हनुवटी उघडी ठेवली. मग ती तिथंच जमिनीवर बसली, कान पाळण्याला लावून. खोलीत बायका बसलेल्या, एकीनंही तोंड उघडलं नाही. भात रटरटतो तसा बारीक आवाज यायला लागला आणि आई तोंडावर काहीही न धरता, हुंदके देत, तो ऐकत राहिली. घुगऱ्या वाटून झाल्या, बायका उठून गेल्या, तरी ती पाळण्यापासून हलली नाही.